तीनशे शब्दांचा निबंध, दीडशे शब्दांचा अर्ज

तीनशे शब्दांचा निबंध. एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शने दुचाकीला उडवलं, दोन तरुण इंजिनीअर गेले. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा असल्याचं पोलिसांनी सांगितलं आणि काही तासांत त्याला बाल न्याय मंडळाकडून जामीन मिळाला. अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांत निबंध लिहिण्याची अट होती. पुढचे आठ दिवस आपल्या सगळ्यांच्या फोनवर दुसरं काही नव्हतं. मीम्स, रील्स, निबंध स्पर्धेची खोटी पोस्टर्स. तुम्हीही एखादं फॉरवर्ड केलं असेलच. राग खराच होता. दोन घरांतली कमावती, आपल्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी मुलं एका रात्रीत गेली होती.

पण त्या आठ दिवसांत एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. अल्पवयीन मुलाला जामीन मिळणं हा कायद्यातला अपवाद आहे की नियम?

नियम आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १२ म्हणतं की गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचं. न सोडायची कारणं तीनच. सुटल्यावर तो सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं वाटत असेल, त्याच्याच जिवाला किंवा मनाला धोका असेल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच पराभूत होत असेल. म्हणजे पोर्शवाल्या मुलाला जो नियम लागला तो कुणा श्रीमंताच्या पोरासाठी बनवलेला नव्हता. तो मोबाइल चोरणाऱ्या, मारामारीत सापडलेल्या, कोयता हातात घेऊन रील बनवणाऱ्या मुलासाठीही आहे. फरक एवढाच की त्यातल्या बऱ्याच मुलांना पहिल्याच दिवशी वकील उभा करता येत नाही, जामीनदार मिळत नाही, आणि आई धुण्याभांड्याची कामं सोडून मंडळासमोर येऊ शकत नाही. मला विचाराल तर खरा राग इथे यायला हवा होता. एकाला नियम लागू झाला यापेक्षा इतरांना तो लागू होत नाही, याचा.

त्या इतरांबद्दल आपल्याला कळतं कसं? कुणीतरी मोजतं म्हणून. हा लेख त्या मोजणाऱ्यांबद्दल आहे.

आधी एक शब्द

वर्तमानपत्रं 'बालगुन्हेगार' लिहितात. सरकारी कागदांवर 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा जिभेची परीक्षा घेणारा शब्द असतो. हसू येतं खरं, पण त्यामागे कारण आहे. ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही त्याला गुन्हेगार म्हणायचं नाही, आणि सिद्ध झाला तरी तो शब्द आयुष्यभर चिकटू द्यायचा नाही, हे या कायद्याच्या मूळ तत्त्वांमध्येच लिहिलं आहे. 'आरोपी', 'अटक', 'शिक्षा', 'खटला' हे शब्दही तिथे टाळले जातात. मी या लेखात 'मुलगा' लिहिणार आहे. मुलीही असतात, पण मुलांचं प्रमाण फार मोठं आहे.

संख्या किती? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या वर्षात देशभरात अल्पवयीन मुलांवर ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी देशातले एकूण दखलपात्र गुन्हे होते ५८,२४,९४६. भागाकार करून बघा, अर्धा टक्का येतो. 'हल्लीची पोरंच सगळे गुन्हे करतात' असं कट्ट्यावर म्हणणाऱ्या काकांना हा आकडा सांगून पाहा. ते ऐकणार नाहीत, पण सांगा. त्यातली चारातली तीनहून अधिक मुलं सोळा ते अठरा या वयातली असतात, हेही खरं आहे आणि तेही लपवायचं कारण नाही. सगळी भांडणं याच दोन वर्षांवरून आहेत.

रात्री साडेअकराला

समजा, तुमचा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा आहे. दहीहंडीच्या सरावानंतर चौकात दोन मंडळांची जुंपली, कुणाचं तरी डोकं फुटलं, आणि पोलिसांनी घोळक्यातल्या सहा जणांना गाडीत घातलं. त्यात तोही आहे. कायद्याप्रमाणे पुढे काय व्हायला हवं?

त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. मुलाशी बोलताना त्याने साध्या कपड्यांत असायला हवं. घरी कळवायचं, परिविक्षा अधिकाऱ्याला म्हणजे प्रोबेशन ऑफिसरला कळवायचं आणि चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर न्यायचं. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात मोठी माणसं सामील नसतील तर एफआयआरसुद्धा करायचा नाही, डायरीत नोंद करून मुलाची सामाजिक पार्श्वभूमी लिहायची.

मंडळात तिघं बसतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते, त्यातली एक स्त्री असलीच पाहिजे. खोली कोर्टासारखी दिसू नये, उंच चौथरा नसावा, असं नियमांत लिहिलं आहे. प्रोबेशन ऑफिसर घरी जाऊन अहवाल करतो: घरात कोण कोण आहे, शाळा कधी सुटली, नशा आहे का, मारहाण होते का. हा अहवाल या सगळ्या यंत्रणेचा कणा आहे. कारण मंडळाने विचारायचं असतं ते 'काय केलं' एवढंच नाही, 'आता याचं काय करायचं' हे जास्त. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली मोकळं ठेवणं, आणि जास्तीत जास्त म्हणजे तीन वर्षं विशेष गृहात. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर आणखी दोन.

कागदावर हे सगळं इतकं शहाणपणाचं आहे की वाचताना आपल्याच देशाचा कायदा आहे ना, अशी शंका येते.

आता सहा जणांपैकी पाच जण एकोणीस-वीसचे आहेत. ठाण्यात गर्दी आहे. हवालदार विचारतो, वय? तुमचा भाऊ घाबरून गप्प. सोबतचा कुणीतरी म्हणतो, 'एकोणीस असेल.' कागदावर १९ लिहिलं जातं. एका आकड्याने तो या अख्ख्या कायद्याच्या बाहेर गेला. आता कोठडी, मग मोठ्यांचं कोर्ट, मग मोठ्यांचा तुरुंग.

असं किती जणांचं होतं? आयप्रोबोनो या संस्थेने माहितीच्या अधिकारात देशभरातल्या तुरुंगांना अर्ज पाठवून हेच विचारलं. अहवाल २०२४ मध्ये आला. २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत किमान ९,६८१ मुलं चुकीने मोठ्यांच्या तुरुंगात ठेवली गेली होती. 'किमान' हा शब्द महत्त्वाचा, कारण जवळपास निम्म्या जिल्हा आणि मध्यवर्ती तुरुंगांकडूनच माहिती हाती लागली. ही अशी मुलं की जी मूल आहेत हे नंतर ओळखलं गेलं आणि त्यांना तुरुंगातून हलवलं गेलं. ज्यांना कुणी ओळखलंच नाही ती या आकड्यात नाहीत.

वयाचा पुरावा कोणता धरायचा हेही कायद्यात स्पष्ट आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि हे काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. तुमच्या-माझ्या घरात कपाटातली प्लास्टिकची फाइल उघडली की दाखला निघतो. ऊसतोडीला फिरणाऱ्या, वीटभट्टीवर वाढलेल्या, सहावीत शाळा सुटलेल्या मुलाची फाइल कुठे असते? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये पोलिसांना 'वयाचा मेमो' भरायला लावला तो याचसाठी. अटकेच्या वेळीच वय कशावरून ठरवलं ते लिहून ठेवायचं. हा आदेशही आपोआप आला नाही. तिहार तुरुंगातल्या मुलांची माहिती बाहेर काढून लोक कोर्टात गेले, तेव्हा आला.

पुण्यातलीच गोष्ट

एका आकड्याने काय होतं याचं टोकाचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि ते ऐकून मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एकाच घरातल्या सात जणांचा खून झाला. त्यात दोन लहान मुलं होती, एक गर्भवती स्त्री होती. शहर हादरलं होतं. तुमच्या आईवडिलांना विचारा, पुण्याचे असतील तर त्यांना आठवत असेल. पकडलेल्यांमधल्या एकाचं वय नोंदीत विशीच्या आसपास होतं. १९९८ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली, २००० मध्ये ती सर्वोच्च न्यायालयाने कायम केली.

बऱ्याच वर्षांनी दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए' या गटाने त्याचं प्रकरण हातात घेतलं. हा गट फाशीच्या कैद्यांचा अभ्यास आणि त्यांची वकिली दोन्ही करत होता. फाशीच्या कोठडीतल्या माणसाचा इतिहास शोधायचा म्हणजे त्याचं गाव, घर, शाळा सगळं धुंडाळायचं. राजस्थानातल्या एका गावच्या शाळेच्या नोंदीत त्याचं नाव सापडलं. नोंदीतलं नाव आणि खटल्यातलं नाव यांत थोडा फरक होता. त्या नोंदीप्रमाणे खुनाच्या दिवशी त्याचं वय होतं १२ वर्षं ६ महिने.

सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करून घेतली आणि मार्च २०२३ मध्ये ते वय मान्य केलं. कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो २८ वर्षं आत होता, त्यातली बहुतेक वर्षं फाशीच्या छायेत. साडेबारा वर्षांचा मुलगा आत गेला आणि चाळिशी ओलांडलेला माणूस बाहेर आला. तुरुंगात तो लिहायला-वाचायला शिकला आणि समाजशास्त्रात एमए झाला.

अंगावर काटा येतो तो पुढच्या विचाराने. मधल्या वर्षांत केव्हाही फाशी अमलात आली असती, तर त्या शाळेचं रजिस्टर कुणी उघडलंच नसतं. वय केव्हाही, खटला संपल्यावरसुद्धा, कोर्टापुढे मांडता येतं ही कायद्यातली तरतूद त्याच्या कामी आली. पण तरतूद स्वतः बसने गावी जाऊन रजिस्टर शोधत नाही. ते कुणा संशोधकाला करावं लागतं.

मुंबईची एक फ्रीलान्सर

माझं शिक्षण पत्रकारितेचं, त्यामुळे या विषयावर वाचताना ज्या नावाशी मी सगळ्यात जास्त थांबले ते शीला बारसे यांचं. मुंबईतल्या मुक्त पत्रकार. १९८०च्या दशकात त्यांनी आधी मुंबईच्या पोलीस कोठड्यांमधल्या स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि त्या पत्राचीच याचिका झाली. मग १९८५ मध्ये त्या देशभरातल्या तुरुंगांत असलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी कोर्टात गेल्या.

मागणी काय होती बघा. मुलांना सोडा, हे तर होतंच. पण त्याचबरोबर माहिती द्या: किती मुलं आत आहेत, बाल न्यायालयं किती, बालगृहं किती. कोर्टाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देऊन अहवाल पाठवायला सांगितलं. राज्यांनी टाळाटाळ केली, तारखा पडल्या. १९८६ मध्ये कोर्टाने म्हटलं की बालगृहं पुरेशी नाहीत हे मुलांना तुरुंगात ठेवण्याचं कारण असू शकत नाही, जागा नसेल तर जामिनावर सोडा. आणि हेही म्हटलं की प्रत्येक राज्याचा वेगळा बाल कायदा नको, संसदेने देशाला एकच करावा. त्याच वर्षी पहिला बाल न्याय कायदा आला.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. कोर्टाच्या संथपणाला कंटाळून बारसे यांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली. १९८८ मध्ये कोर्टाने ती नाकारली. जनहित याचिका एकदा दाखल झाली की ती दाखल करणाऱ्याच्या मालकीची राहत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं. म्हणजे प्रश्न विचारणारी थकली तरी प्रश्न मागे घेता येईना!

त्या १९८६ च्या कायद्यात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा सोळा होती आणि मुलींसाठी अठरा. भारताने १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला होता, त्याला धरून २००० च्या कायद्याने सगळ्यांसाठी अठरा केली.

आकडे हरले ते वर्ष

मग डिसेंबर २०१२. दिल्लीची ती बस. सहा आरोपींपैकी एक अल्पवयीन होता आणि त्याला कायद्याप्रमाणे तीन वर्षं झाली. देश रस्त्यावर होता. 'बलात्कार करण्याइतका मोठा असेल तर फाशी जाण्याइतकाही मोठा आहे' हे वाक्य तेव्हापासून प्रत्येक चर्चेत ऐकू येतं.

न्या. जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये वयोमर्यादा खाली आणायला नकार दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही अठरा कायम ठेवलं. २०१४ मध्ये सरकारने विधेयक आणलं, ते संसदेच्या स्थायी समितीकडे गेलं, समितीने सोळा-अठराच्या मुलांना मोठ्यांसारखं वागवण्याच्या कलमाला विरोध केला. लोकसभेने तरीही मंजूर केलं. राज्यसभेत अडकलं होतं. २० डिसेंबर २०१५ ला तो मुलगा तीन वर्षं पुरी करून सुटला, आणि दोनच दिवसांनी राज्यसभेने विधेयक मंजूर केलं. दोन दिवस! महिनोन्महिन्यांचा अभ्यास एकीकडे आणि टीव्हीवरचे दोन दिवस दुसरीकडे.

नव्या कायद्याने काय केलं? सोळा ते अठराच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल तर मंडळाने तीन महिन्यांत 'प्राथमिक मूल्यांकन' करायचं. अतिगंभीर म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा. मूल्यांकनात पाहायचं ते हे: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता मुलाकडे होती का, परिणाम त्याला कळत होते का, आणि कोणत्या परिस्थितीत ते घडलं. मग ठरवायचं की त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का.

मानसशास्त्र शिकणाऱ्यांनी जरा विचार करा. आज तुमच्यासमोर बसलेला मुलगा तीन महिन्यांपूर्वी एका रात्री अमुक मिनिटाला काय समजत होता हे तुम्ही कोणत्या चाचणीने सांगाल? बुद्ध्यांक काढून? आणि गुन्हा त्यानेच केला हे अजून सिद्धही झालेलं नाही, हे लक्षात ठेवून? गुरुग्रामच्या एका शाळेतल्या खुनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये हेच नाजूक काम असल्याचं सांगितलं आणि मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे असं ठरवलं. मार्गदर्शक सूचना यायला २०२३ उजाडलं. म्हणजे सात वर्षं जिल्ह्याजिल्ह्यांत हे मूल्यांकन ज्याला जसं सुचेल तसं होत होतं.

बरं, मोठ्यांसारखं वागवल्याने गुन्हे कमी होतात का? अमेरिकेत हा प्रयोग कितीतरी मोठ्या प्रमाणावर झाला. २००७ मध्ये तिथल्या रोग नियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या एका स्वतंत्र तज्ज्ञगटाच्या आढाव्यात आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासले होते. निष्कर्ष असा होता की मोठ्यांच्या यंत्रणेत पाठवलेली मुलं पुन्हा हिंसक गुन्हे करण्याची शक्यता कमी होण्याऐवजी वाढते. पकडलं जाण्याच्या भीतीपेक्षा आत मिळालेली संगत जास्त शिकवते. आपल्याकडे हे सांगायला संशोधन लागू नये, पण लागतं.

इथे एक बाजू राहून जाते आणि ती खरी आहे. ज्यांचं माणूस गेलं त्यांना हा कायदा फारसं काही देत नाही. चौकशी बंद खोलीत, मुलाचं नाव गुप्त, शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. कल्याणीनगरच्या त्या दोन घरांना 'सुधारणेची संधी' हे शब्द कसे ऐकू येत असतील? बालहक्काच्या बाजूने बोलणाऱ्यांनी या प्रश्नाला पुरेसं तोंड दिलं आहे असं मला वाटत नाही. पीडितांच्या घरच्यांना चौकशी कुठवर आली हे कुणी नीट सांगत नाही, त्यांच्यासाठी समुपदेशक नसतो. पण ही उणीव वयोमर्यादा खाली आणून भरते का? सोळाची मर्यादा चौदा करा ही मागणी महाराष्ट्रातूनही झाली आहे. चौदा म्हणजे आठवी-नववी.

पोर्शच्या प्रकरणाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण ती बातमी निबंधाइतकी फिरली नाही. मुलाला मोठ्यांसारखं वागवावं ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. त्यामागचा मुद्दा असा की सदोष मनुष्यवधाला जास्तीत जास्त शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षांची अट नाही, आणि किमान शिक्षा ठरवलेली नसेल तर गुन्हा 'अतिगंभीर' धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगून ठेवलं आहे. आवडो न आवडो, कायदा सगळ्यांना सारखाच वाचावा लागतो.

कंटाळवाणं काम

धोरण बदलणारं संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परिषद, पीपीटी, लेनयार्ड असं काहीतरी येतं. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग म्हणजे अर्ज पाठवणं, उत्तराची वाट बघणं, अपील करणं आणि एक्सेलमध्ये आकडे भरणं. इंडिया जस्टिस रिपोर्टने २०२५ मध्ये बाल न्याय मंडळांवर अहवाल काढला तो याच मार्गाने. साध्या कोर्टात किती खटले तुंबलेत हे राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर कुणीही पाहू शकतं. बाल न्याय मंडळांसाठी तसं काहीच उपलब्ध नाही. म्हणून राज्याराज्यांना माहिती अधिकाराचे अर्ज गेले. ३६२ मंडळांची उत्तरं जुळवल्यावर दिसलं की ऑक्टोबर २०२३ अखेर त्यांच्यासमोरच्या एक लाखाहून अधिक प्रकरणांपैकी ५५ टक्के प्रलंबित होती. साधारण चारांतल्या एका मंडळात तिन्ही सदस्यसुद्धा नव्हते. चौकशी चार महिन्यांत संपवायची असं मी वर लिहिलं होतं, आठवतंय ना?

मुंबईत 'टिस'ची फील्ड अ‍ॅक्शन प्रोजेक्ट्स वर्षानुवर्षं याच्या शेजारचं काम करतात. 'प्रयास' १९९० पासून तुरुंग आणि कोर्टांत, 'रिसोर्स सेल फॉर ज्युवेनाइल जस्टिस' बाल न्याय मंडळांसोबत. निरीक्षण गृहात आलेल्या मुलाच्या आईला 'आता पुढे काय' हे साध्या भाषेत सांगणारा हेल्पडेस्क, हे त्यांच्या कामाचं एक रूप. ऐकायला लहान वाटतं. पण डोंगरीच्या गृहाबाहेर सकाळपासून हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला तेच हवं असतं. डोंगरीचं गृह, म्हणजे आपल्या आज्यांच्या तोंडचं 'रिमांड होम', उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या जागी आहे. मुलांना तुरुंगात ठेवायचं नाही म्हणणाऱ्या कायद्याने जागा मात्र तुरुंगाचीच घेतली होती.

एमएसडब्ल्यू, लॉ, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, पत्रकारिता, यांपैकी काहीही करत असाल तर या कामात तुम्हाला जागा आहे. पगार फार नाही, ते आधीच सांगून ठेवते. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर जागा नक्कीच आहे. 'सोशल मीडियाचा तरुणांवर परिणाम' हा प्रोजेक्ट यंदा नाही झाला तरी चालेल.

आणि एका सावधगिरीची गोष्ट. या विषयावर काही लिहाल, रील कराल, कॉलेजच्या मॅगझिनमध्ये छापाल, तर कलम ७४ विसरू नका. मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याची चौकशी नेहमीच्या पद्धतीने मंडळापुढे होते त्या मुलाची नोंद पुढे नष्ट करायची असते, त्याला नोकरीत किंवा निवडणुकीत ती आडवी येऊ द्यायची नसते. ज्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालून तो दोषी ठरतो त्याला ही सवलत नाही. इतरांच्या बाबतीत सरकारने फाइल नष्ट केली तरी तुमची पोस्ट गुगलवर राहते, हे लक्षात ठेवा.

आता तुमच्या जिल्ह्यापुरतं. जन माहिती अधिकारी, जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय, यांच्या नावाने साध्या कागदावर अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणजे त्या निबंधाच्या बरोब्बर निम्मे. विचारा: जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळात आज तिन्ही सदस्य आहेत का, नसतील तर जागा कधीपासून रिकाम्या आहेत. गेल्या वर्षी किती प्रकरणं आली, किती निकाली निघाली, सहा महिन्यांहून जुनी किती. मोठ्यांच्या तुरुंगातून निरीक्षण गृहात किती मुलं हलवली. प्रोबेशन ऑफिसरची मंजूर पदं किती, भरलेली किती. कुणाचं नाव मागायचं नाही, फक्त आकडे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या, तारीख लिहून ठेवा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प.